सैल बीबी घरी घट्ट करणं : आठ महिने वापरल्यावर

सुट्या छऱ्यांची, चौकोनी एक्सलची बीबी (सायकलची बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांमधला एक्सल ज्यावर फिरतो ते बेअरिंग) घरी नीट बसवता येते आणि ती टिकतेही, हे आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर खात्रीने सांगतो. मात्र सगळा खेळ लॉकरिंगचा, म्हणजे कप जागेवर जखडणाऱ्या बाहेरच्या रिंगचा आहे. कप (छरे ज्यात फिरतात ती आट्यांची वाटी) कितीही अचूक लावा, लॉकरिंग आवळताना तो हलला तर मेहनत पाण्यात.

आधी सैल काय आहे ते ठरवा. चेन पुढच्या दातेरी चक्रावरून उतरवून दोन्ही क्रँक (पेडलचे दांडे) हातात धरा आणि आत-बाहेर ढकलून पाहा. एक ढकलल्यावर दुसराही तेवढाच हलला तर बेअरिंग सैल. एकच हलतोय, दुसरा जागचा हलत नाही, तर त्या क्रँकचा बोल्ट ढिला आहे. अशी सायकल एक दिवसही चालवू नका, ॲल्युमिनियमच्या क्रँकचं चौकोनी भोक कायमचं गोलटतं. हात क्रँकवरच ठेवा, पेडलवर नको. पेडलचा प्ले (ढिलेपणा) हाताला अगदी तसाच लागतो.

नुसतं ॲडजस्ट करायचं असेल तर डावा क्रँक काढला की पुरतं. बोल्ट बहुधा 14 मिमीच्या सॉकेटने निघतो. त्याखालचा वॉशर आठवणीने काढा, तो आत राहिला की पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) नीट बसत नाही. पुलर हातानेच पूर्ण आत फिरवा आणि मगच पाना लावा. दोन-तीन आट्यांवर जोर दिला तर क्रँकचे आटे सोलून बाहेर येतात.

आता लॉकरिंग हुक पान्याने घड्याळाच्या विरुद्ध दिशेने सैल करा आणि डावा कप पिन पान्याने हळूहळू आवळा. एक्सल बोटांनी फिरवत राहा. खरखर जाणवली किंवा एक्सल जड झाला की थांबा आणि किंचित मागे या. नेमकं इथेच बहुतेक जण फसतात. लॉकरिंग आवळली की ती कपला आट्यांतल्या बारीक फटीएवढी बाहेर ओढते, म्हणजे बेअरिंग थोडं सैल होतं. म्हणून कप आधी हवा त्यापेक्षा केसभर घट्ट ठेवायचा. उलट पिन पाना घट्ट धरला नाही, तर कप लॉकरिंगबरोबर फिरून जास्त आवळला जातो. पारख नेहमी लॉकरिंग पूर्ण आवळल्यावरच करा. पहिल्याच खेपेला जमेल अशी अपेक्षा नको, तीन-चार वेळा सोडून-आवळून पाहावं लागतं.

क्रँक परत बसवताना बोल्ट 35 ते 40 न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर 25 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण 15 किलोचा जोर.

टिकाऊपणाचं म्हणाल, तर पहिल्या पंधरा दिवसांतच थोडा प्ले परत आला. कारण शेलच्या (फ्रेमची ज्या नळीत बीबी बसते तिच्या) कडेवर रंगाचा थर होता. लॉकरिंग त्यावर टेकली होती, रंग चेपला आणि पकड गेली. कड खरवडून धातू उघडा केल्यावर पुढचे साडेसात महिने पान्याला हात लावावा लागला नाही. हे काम सुरुवातीलाच करून टाका.

पावसात भिजल्यावर सीटच्या नळीतून पाणी थेट बीबीच्या शेलमध्ये उतरतं. आठव्या महिन्यात उघडून पाहिलं तेव्हा डावीकडचं ग्रीस राखाडी झालं होतं, कपमधली छऱ्यांची वाट मात्र गुळगुळीत, आरशासारखी होती. त्या वाटेत टोचल्यासारखे खड्डे दिसले तर ॲडजस्टमेंट विसरा. एका जागी घट्ट, दुसऱ्या जागी सैल असंच लागत राहणार. कप आणि एक्सल दोन्ही बदला.

उजव्या कपचीही खात्री करून घ्या. बीएसए (इंग्लिश) आट्यांच्या शेलमध्ये तो उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरवल्यावर आवळतो. इटालियन आट्यांच्या फ्रेममध्ये दोन्ही बाजू सरळ आट्यांच्या, आणि म्हणूनच तिथे उजवा कप पेडल मारता मारता सुटण्याची तक्रार जास्त.

सुट्या छऱ्यांऐवजी सीलबंद कार्ट्रिज (न उघडणारं एकसंध बेअरिंग) असेल तर यातलं काही लागू नाही. कप शेलमध्ये ढिले असतील तर आवळा, पण आतल्या बेअरिंगला प्ले आला की तो आवळून जात नाही, अख्खी कार्ट्रिज बदलावी लागते.

सुटे छरे बदलताना दोन्ही बाजूंचे एकदमच बदला: बाजूला 11 याप्रमाणे 22, पाव इंची, म्हणजे 6.35 मिमी. जुन्यात नवे मिसळू नका, मोठ्या पडलेल्या दोन-तीन छऱ्यांवरच सगळा भार येतो.