सक्तीचं सॉफ्टवेअर: नुसता हुकूम की सोबत विचारपूस?

जहाजावर काही तंत्रज्ञान सक्तीचंच असतं. इलेक्ट्रॉनिक नकाशांचा, म्हणजे ‘एक्डिस’चा नियम 2012 ते 2018 दरम्यान टप्प्याटप्प्याने लागू झाला. प्रश्न असतो तो किनाऱ्यावरच्या मॅनेजरने अशी साधनं राबवायची कशी, हा.

हुकमाचा मार्ग झटपट. तारीख ठरते, ईमेल जातो, सगळ्या जहाजांवर एकच पद्धत येते. पण मग मॅनेजरचं काम पडद्यावरच्या हिरव्या-लाल चौकटींवरून जोखलं जातं आणि तिथेच घात होतो. विश्रांतीच्या तासांचं उदाहरण घ्या. ते सॉफ्टवेअरमध्ये भरायचे असतात आणि नियम मोडला की चौकट लाल दिसते. नियमानुसार 24 तासांत किमान 10 तास विश्रांती हवी, फार तर दोन तुकड्यांत, त्यातला एक सलग किमान 6 तासांचा. बंदरात रात्रभर माल उतरवून सेकंड ऑफिसर डोळे चोळत आकडे भरतो. चौकट लाल होते. मग तो काम संपल्याची वेळ अर्धा तास मागे सरकवतो, चौकट हिरवी होते. मॅनेजरचा अहवाल चोख, आणि हा माणूस तारवटलेल्या डोळ्यांनी पुन्हा ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षात.

दुसऱ्या मार्गातही सक्ती तीच. फक्त आधी एक-दोन जहाजांवर वापरून बघतात, आणि लाल चौकट दिसली की जाब न विचारता मॅनेजर फोन करतो: “माणसं कमी पडताहेत का?” यात वेळ जातो, सुरुवातीचे आकडेही वाईट दिसतात. तरी मला हाच मार्ग पटतो. मात्र लाल चौकटी किती, यापेक्षा त्या दिसल्यावर मॅनेजरने काय केलं, हे कंपनीने मोजायला हवं.