तिजोरी उघडली, आता कुलूप कोणतं : लिव्हरचं की डिजिटल?

चावी हरवलेली तिजोरी कारागिराने उघडून दिली की तो तिथेच उभ्या उभ्या विचारतो, "जुनंच कुलूप नीट करू, की डिजिटल बसवू?" घरातले सगळे भोवती जमलेले असतात, दार उघडल्याचा आनंद असतो आणि बहुतेक जण "नवीनच बसवा" म्हणून मोकळे होतात. देवगड, मालवण, वेंगुर्ले किंवा वर रत्नागिरीकडे समुद्राच्या अंगाला ज्यांचं घर वा दुकान आहे त्यांनी हे उत्तर देण्याआधी थोडं थांबावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. मी दोन्ही वापरली आहेत. दुकानातल्या तिजोरीला डिजिटल कुलूप होतं. घरी माजघरात आजोबांच्या वेळची जाड दाराची तिजोरी आहे, तिला लिव्हरचं कुलूप, म्हणजे चावीच्या दातांनी आतल्या पट्ट्या (लिव्हर) उचलून उघडणारं. काकांच्या पश्चात तिची चावी कुठेच मिळेना, तेव्हा ती कारागिराकडून उघडून घेतली आणि पुढचा निर्णय माझ्यावर आला.

डिजिटलची खरी सोय कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. घर इथे, माणसं मुंबईत आणि चावी डोंबिवलीच्या कपाटात. चतुर्थीला दागिने काढायचे तर चावी घेऊन येणाऱ्याची वाट बघत बसायचं, आणि त्याची गाडी हमखास उशिरा. आकड्यांच्या कुलपाला हा प्रश्नच नाही. फोनवर आकडे सांगितले की काम झालं, मागाहून बदलले की विषय संपला. देवस्थानाचा खजिनदार बदलला, दुकानातला माणूस सोडून गेला, तरी त्याने चावीची नक्कल करून घेतली असेल का, ही शंका मागे राहत नाही. बऱ्या प्रतीच्या कुलपात दोघांनी आपापले आकडे दाबल्याशिवाय दार न उघडण्याचीही व्यवस्था असते. समितीच्या पैशाला ती फार चांगली.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. आकडे दाबले, टूं वाजलं, हिरवा दिवा लागला आणि मूठ फिरली नाही.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कुलपाने हो म्हटलंय मग दार का उघडत नाही? कारण हो म्हणायला सेलची ताकद फार थोडी लागते. दिवा आणि आवाज उतरलेल्या सेलवरही चालतात. आतली मोटर फिरून अडसर सोडवायला मात्र जोर लागतो आणि तो ऐनवेळी कमी पडतो. आमच्याकडे तर सेल नवे असूनही हे व्हायचं. कीपॅडचं झाकण काढलं तर सेलखालच्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड जमलेली. पॉलिश पेपरने घासली की कुलूप पुन्हा सुरळीत. पण आषाढ-श्रावणातली खारी, ओली हवा त्या एवढ्याशा पत्र्याला सोडत नाही, थोड्याच दिवसांत पूड परत येते. कधी दोष सेलचा, कधी संपर्काचा, कधी दारातून आत जाणाऱ्या वायरचा, तर कधी आत कोंबलेल्या फायली दाराला दाबत असतात म्हणून अडसरावर ताण येतो. या चारही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. टूं, हिरवा दिवा आणि न हलणारी मूठ.

याच अनुभवातून एक गोष्ट शिकलो, ती डिजिटलवाल्यांनी लक्षात ठेवावी. आकडे दाबण्याआधी मूठ बंद करायच्या दिशेला घट्ट धरा, दुसऱ्या हाताने दार आत रेटा आणि मग आकडे दाबा. अडसरावरचा ताण सुटला तर पुष्कळदा कुलूप उघडतं. न उघडल्यास आकडे पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. ते ओळीने चुकले तर पुष्कळ कुलुपं काही वेळ स्वतःच बंद होतात. सकाळी गिऱ्हाईक समोर असताना मला हे सारं नको झालं होतं. त्यात त्या कुलपाचा जाणकार कोल्हापूरहून यायचा, म्हणजे घाटात दरड आली की थांबा. माझं मन डिजिटलवरून उतरलं ते तेव्हा.

लिव्हरचं कुलूप बिघडतच नाही असं मी म्हणणार नाही. पण ते बिघडायच्या आधी हाताला कळवतं. चावी जरा जड जाते, अर्ध्यावर अडखळते, काढताना ओढून घ्यावी लागते. हे आठवडेच्या आठवडे चालतं, तेवढ्यात माणूस बोलावता येतो.

घरच्या कुलपाचं काम मी जवळ बसून पाहिलं. कारागिराने ओटीवर वर्तमानपत्र पसरलं, कुलूप खोललं आणि लिव्हर एकावर एक होते त्याच क्रमाने ओळीत मांडले. पितळी पट्ट्या, प्रत्येकीला पोलादाची केसाएवढी बारीक स्प्रिंग. पितळ शाबूत होतं. काही स्प्रिंगा मात्र मुळाशी गंजून तुटायला आल्या होत्या आणि सगळ्यावर काळा चिकट थर. तो थर वर्षानुवर्षं घातलेल्या खोबरेलाचा. आपल्याकडे कुलूप जड झालं की हात आपोआप खोबरेलाच्या बाटलीकडे जातो, पण ते थंडीत थिजतं, जुनं झालं की गोंदासारखं होतं आणि धूळ धरून ठेवतं. त्याने लिव्हर पेट्रोलमध्ये धुतले, सगळ्याच स्प्रिंगा बदलल्या आणि लिव्हरचा क्रम फिरवला. क्रम फिरवला की चावीचे दात बदलतात, म्हणजे हरवलेली जुनी चावी उद्या कुणाला सापडली तरी ती लागणार नाही. मग कानशीने एकेक दात घासत नवी चावी तयार केली. कुलूप दाराला लावल्यावर दार उघडंच ठेवून चावी कितीतरी वेळा फिरवून पाहिली, खात्री झाल्यावरच दार लावू दिलं. दुपारचं जेवून बसलेला माणूस दिवेलागणीला उठला. ती चावी आजही मऊ फिरते.

सुरक्षिततेच्या बाबतीत दोघांनाही फार डोक्यावर घेऊ नये. दोन्ही दिशांनी रोखणाऱ्या, म्हणजे कमी उचलला तरी आणि जास्त उचलला तरी अडणाऱ्या लिव्हरची कल्पना इंग्लंडमधल्या रॉबर्ट बॅरनची, १७७८ सालची. पुढे तिथल्याच चब या कुलूपवाल्यांचं लिव्हरचं कुलूप अभेद्य मानलं जायचं, ते १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने उघडून दाखवलं. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून लिव्हरची कुलपं हाताळणारे कारागीर इथे आहेत. कुडाळ-कणकवलीकडेही असा माणूस विचारपूस केली की मिळतो. माझ्या हिशेबात ही मोठी गोष्ट आहे. उलट स्वस्तातल्या डिजिटल तिजोऱ्यांना झाकणाआड आणीबाणीची चावी असते आणि ते कुलूप बऱ्याचदा अगदीच साधं असतं. शिवाय ती चावी लोक तिजोरीतच ठेवतात, हे मी एकाहून जास्त घरांत पाहिलं आहे.

पुराचा विचार नदीकाठच्यांनी तरी करावा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर तिथल्या एका स्नेह्यांच्या दुकानातली तिजोरी मी बघितली. दाराच्या फटीपर्यंत चिखल भरला होता. लिव्हरचं कुलूप धुऊन, पुसून, स्प्रिंगा बदलून कामाला लागलं. डिजिटल असतं तर आतला सर्किटचा बोर्ड बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं, असं मला वाटतं.

तिसरा पर्याय नंबरच्या चकतीचा. त्याला सेल नको, चावी नको, आणि हवेचा त्रास कमी. पण आकडा रेषेवर अचूक आणावा लागतो, फेऱ्या मोजाव्या लागतात, आणि आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नजरेला ते झेपलं नसतं.

कुलूप कुठलंही ठेवा, तिजोरी उघडताना दोन गोष्टींवर लक्ष असू द्या. हातोडा-पहार कुणालाही लावू देऊ नका. चांगल्या तिजोरीत दणका बसला की आपोआप पडणारा दुसरा अडसर असतो. तो पडला की साधं काम दुप्पट होऊन बसतं. आणि ड्रिल मारावंच लागलं तर भोक कशाने बुजवणार, हे आधी विचारा. त्यात कडक पोलादाची खुंटी ठोकून वरून वेल्डिंग व्हायला हवं. एम-सील भरून रंग फासला तर दाराची ती जागा कायमची कच्ची राहते.

तुमचं ऑफिस कोरडं, एसीचं असेल, तिजोरी रोज उघडत असेल आणि वापरणारी माणसं बदलती असतील तर डिजिटल घ्यायला हरकत नाही. फक्त सेल आगोटीला, पाऊस लागायच्या आधीच बदला. घर जून ते चतुर्थी बंद राहणार असेल तर मात्र मी तरी जुनं कुलूप नीट करून घेण्याकडेच झुकेन. सेल त्या बंद खोलीत पाझरला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. डोंबिवलीच्या कपाटातल्या चावीवरही उपाय आहे. कारागीर घरात असतानाच तीन चाव्या करून घ्या. एक मुंबईला, एक इथे वापरात आणि एक गावातल्याच भरवशाच्या नातेवाइकाकडे, पाकिटात बंद करून, वर सही घालून. तिन्ही चाव्या कारागिरासमोर, दार उघडं असताना फिरवून बघा. नकलेतली एखादी चावी जराशी अडखळते. ती तिथल्या तिथे घासून घेता येते, नाहीतर नेमकी तीच मुंबईला जायची.