पुण्यात भाड्याने मिळणारे घरगुती ऑक्सिजन यंत्र: यंत्र चोख, सूचनापत्रक अपुरे

सासूबाईंच्या फुप्फुसांच्या जुनाट विकारामुळे डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजन लावायला सांगितल्यावर आम्ही सदाशिव पेठेतल्या घरी मिनिटाला पाच लिटर क्षमतेचे कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र) आणि वीज गेल्यास हाताशी असावा म्हणून बी टाइप सिलिंडर, असे दोन्ही शहरातल्या एकाच पुरवठादाराकडून भाड्याने घेतले. खाली कौतुकाबरोबर तक्रारही असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही.

यंत्राबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, आणि ही त्याची स्तुतीच आहे. ते खोलीतली हवा ओढून घेते, झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या दाण्यांत नायट्रोजन अडकवते आणि उरलेला, नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्धतेचा ऑक्सिजन नळीतून पुढे सोडते. तंत्रज्ञाने बसवताना मीटर लावून शुद्धता 94 टक्के असल्याचे दाखवले. आवाज सतत येतो, पण त्याने झोपमोड होत नाही. स्पंजची जाळी दर आठवड्याला धुवावी लागते आणि ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणीच घालावे लागते. यंत्र साधारण साडेतीनशे वॅट वीज खाते, त्यामुळे एखाद्या गुरुवारी महावितरणचे देखभालीचे काम लांबले की इन्व्हर्टर दम सोडतो आणि सिलिंडर लावावा लागतो.

ही सेवा जोखायची तर आगीच्या बाबतीत ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे पाहायला हवे. यंत्रावर ‘धूम्रपान निषिद्ध’ असे मोठे लाल चित्र आहे आणि सूचनापत्रकातही सारा भर विडी-सिगारेटवर आहे. आमच्या घरात कोणी विडी ओढत नाही. मात्र देवघरात सकाळ-संध्याकाळ निरांजन लागते, उदबत्ती असते, आरतीला कापूर पेटतो, आणि सासूबाई नाकात नळी असतानाच देवापुढे बसत. पत्रकात याविषयी एक अक्षरही नाही. सांगितले ते तंत्रज्ञाने, तेही देवघर त्याच्या नजरेस पडले म्हणून. “आजी, हा वायू स्वतः पेटत नाही, पण तो लागलेला असताना बाकी सगळं भराभर पेटतं. वात लावायचं काम सूनबाईंना करू द्या, तुम्ही दहा फूट लांबूनच नमस्कार करा,” असे त्याने शांतपणे समजावले आणि सासूबाईंनी ते मानले, जे आमच्या सांगण्याने झाले नसते.

तो म्हणाला ते शास्त्राला धरून आहे. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के आणि नायट्रोजन 78 टक्के असतो. नायट्रोजन ज्वलनात भाग घेत नाही, पण ज्वालेची उष्णता शोषून तिला आवर घालतो. तो कमी झाला की एरवी विझून गेली असती अशी ठिणगीही पुरते, ज्योत अधिक तापते आणि आग फार वेगाने पसरते. उलट ऑक्सिजन सुमारे 16 टक्क्यांवर उतरला की मेणबत्तीही विझते. 27 जानेवारी 1967 रोजी अपोलो 1 यानाच्या जमिनीवरील चाचणीत तीन अंतराळवीर दगावले, तेव्हा कक्षात शुद्ध ऑक्सिजन भरलेला होता आणि आतले नायलॉनसारखे साहित्य पाहता पाहता पेटले होते.

घरात असा वायू नाकाभोवती, पदरात, उशीत आणि पांघरुणात साठून राहतो. म्हणून नळी काढल्यावरही कपडे व अंथरूण मोकळ्या हवेत किमान अर्धा तास राहू द्यावे आणि यंत्र चालू ठेवून नळी गादीवर टाकू नये. नाक कोरडे पडते म्हणून पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल लावायचा मोह होतो. तेही टाळावे, पाण्यावर आधारित जेल वापरावे. ही जेल पुरवठादाराने स्वतःहून दिली असती तर बरे झाले असते.

यंत्र आणि सिलिंडर यांतला एक फरक कोणीच समजावून सांगत नाही. यंत्र खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन घेते आणि नायट्रोजनही त्याच खोलीत सोडते, त्यामुळे खोलीतले एकूण प्रमाण वाढत नाही. सिलिंडर मात्र बाहेरून भर घालतो. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर वायू असतो; दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या बंद खोलीत तो सगळा गळाला तर ऑक्सिजनचे प्रमाण 21 वरून जवळजवळ 25 टक्क्यांवर जाईल, आणि 23.5 टक्क्यांच्या पुढची हवा उद्योगांत धोक्याचीच मानतात. तेव्हा सिलिंडरच्या खोलीची खिडकी थोडी उघडी ठेवावी.

आता तक्रार. पहिल्या तंत्रज्ञाने हात कोरड्या फडक्याने पुसले, रेग्युलेटर (वायूचा दाब कमी करणारा भाग) बसवण्याआधी सिलिंडरची झडप क्षणभर उघडून धूळ उडवली, बाजूला उभे राहून चावी हळूहळू फिरवली. पुढे सिलिंडर बदलायला आलेल्या मुलाच्या बोटांना दुचाकीच्या साखळीचे ग्रीस होते, आणि त्याच हातांनी रेग्युलेटर घट्ट करून त्याने चावी एका हिसक्यात उघडली. सुमारे 150 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ दीडशे पट दाबाचा वायू एकदम आत घुसला की तो दाबाने तापतो आणि तिथे ग्रीस असेल तर ते आपोआप पेटू शकते. फोन केल्यावर पुरवठादाराने दिलगिरी व्यक्त करून दुसऱ्या दिवशी रेग्युलेटर बदलून दिला, हे मान्य. पण अर्धवट शिकलेला माणूस घरी पाठवलाच कसा, याचे उत्तर मिळाले नाही.

नळीत बसवायचा फायर ब्रेकही त्यांच्या संचात नव्हता. नळीला आग लागली की हा लहानसा भाग वितळून ऑक्सिजनचा प्रवाह थांबवतो, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण नळीतून वायू येत असेपर्यंत चादर टाकून आग गुदमरत नाही; आधी यंत्र किंवा सिलिंडरची चावी बंद करावी लागते. मागितल्यावर त्यांनी तो वेगळे पैसे घेऊन आणून दिला. भाडे आणि अनामत वाजवी आहेत, यंत्र विश्वासाचे आहे; घ्यायचे असल्यास फायर ब्रेक पहिल्याच दिवशी मागून घ्यावा आणि सिलिंडर बदलायला येणाऱ्याचे हात आधी साबणाने धुऊन कोरडे करून घ्यावेत.