कापड पेठेतली सव्वातीन मीटर मलमल

आधी हिशोब सांगते. निळी छापाची मलमल सव्वातीन मीटर, 190 रुपये मीटरनं. अस्तराला पांढरं कॅम्ब्रिक, म्हणजे घट्ट विणीचं साधं सुती कापड, अडीच मीटर, 90 नं. दोरा आणि सहा बटणं धरून नऊशेच्या थोडं वर गेले. लेकीनं ज्या ड्रेसचा फोटो पाठवला होता, "आई, अगदी असाच", त्याची किंमत 3,200 होती.

लेक सत्तावीस वर्षांची, नोकरीला नागपूरला. तिथला मे महिना मी वेगळा सांगायला नको. त्याआधी मी तिच्यासाठी एकदा मोबाईलवरून कापड मागवलं होतं, "प्युअर कॉटन" म्हणून. दोन धागे ओढून काडी लावली तर टोकाला कडक काळी गोळी झाली. सुती धागा कागदासारखा जळतो, मागं नुसती राख उरते. त्या कापडाची मी उशीची अभ्रीसुद्धा केली नाही.

म्हणून सांगलीत कापड पेठेतल्या जुन्या दुकानात गेले. गाडी मारुती चौकात कुठंतरी लावून चालत जा, आत आणायचा नाद करू नका. दुकान अरुंद, खाली पांढरी गादी, चप्पल पायरीखाली काढायची. 2019 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ती खूण मालकांनी भिंतीवर तशीच ठेवलीय, माझ्या खांद्याएवढी. चांगला माल आता सगळा माळ्यावर असतो, त्यामुळं काहीही मागितलं की पोरगा शिडी लावतो. वेळ काढून जा.

मालकांचा मला आवडलेला गुण म्हणजे ते कापडाचं खरं सांगतात. दोन निळे ताके दिसायला सारखेच होते, एक 110 चा, एक 190 चा. मी फरक विचारला तर त्यांनी दोन्ही उलटे करून दाखवले. स्वस्तातलं स्क्रीन-छपाईचं होतं. फूल न फूल एकसारखं, मागं रंग फिका. दुसरं ठशाचं. त्यात एका जागी ठसा जोडताना पान पानावर चढलेलं, रंग मात्र मागंपर्यंत मुरलेला. "हातानं छापलेलं हाय काकू, थोडं इकडं तिकडं असतंयच की." मग स्वतःच म्हणाले, "स्वयंपाकघरात घालायचा गाऊन असंल तर एकशेदहाचंच न्या."

मोजताना चार बोटं जास्त दिली. आणि मग कात्रीनं जरा खाच पाडून टर्रकन फाडलं. इथं माझी तक्रार आहे. फाडलेलं कापड धाग्यात सरळ येतं हे मलाही माहितीय, पण छाप धाग्याला सरळ असेलच असं नाही. घरी पसरलं तर फुलांची ओळ एका कडेला दीड इंच वर चढलेली. धाग्याप्रमाणं बेतावं तर फुलं तिरकी, फुलांप्रमाणं बेतावं तर ड्रेस धुतल्यावर एका बाजूला लोंबणार. मी धागा धरला. पुढचा आणि मागचा भाग कडेच्या शिवणीत जुळत नाहीत, पण ते फक्त मलाच दिसतं. छापाचं कापड घेताना ताका हातभर उलगडून ओळ बघून घ्या, नाहीतर पाव मीटर जास्त घ्या.

रात्रभर बादलीत भिजवलं. 325 सेंटिमीटरचं 310 झालं, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 44 इंचांवरून 43 वर आला. एवढं आटणं मलमलीला चालायचंच. निळं पाणी मात्र तीन धुण्यांपर्यंत निघत राहिलं. मूठभर मीठ टाकून बघितलं, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. चौथ्या धुण्याला पाणी स्वच्छ. तोवर वेगळंच धुवा.

मापं व्हिडिओ कॉलवर घेतली. शेवटचं माप माझ्या वहीत तिच्या दहावीचं होतं, ते बघून दोघी हसलो. शेवटी तिला बरोबर बसणारा कुर्ता कुरिअरनं मागवला आणि त्यावरून मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, उतरवला. वर योक, म्हणजे खांद्याखालचा सपाट भाग, खाली चुण्या, घेर दोन पन्ह्यांचा. तिची अट एकच, खिसे हवेत आणि त्यात फोन मावला पाहिजे. मलमलीच्या खिशात फोन टाकला की ड्रेस त्या बाजूला गुडघ्याकडं निघतो. म्हणून खिशाच्या पिशव्या कॅम्ब्रिकच्या केल्या आणि शिवणीत आतून नाडीची पट्टी घातली.

मशीनला 11 नंबरची सुई लावा. माझ्यात 16 ची होती, पहिल्याच टीपेला कापड खालच्या भोकात ओढलं गेलं. खाली वर्तमानपत्राची पट्टी धरली तर शाई उमटली. मग लेकीच्या आठवीच्या भूगोलाच्या वहीतली कोरी पानं फाडली. टीप घालून झाल्यावर कागद ओढला की सुटतो. गळ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, खाली हातानं तुरपाई, एवढ्यात दोन दुपारी गेल्या.

आता माझी चूक. बिल करताना मालक म्हणाले होते, "काकू, अस्तर पण भिजवा हं." मी मनात म्हटलं, तीस वर्षं ब्लाऊज शिवतेय, मला शिकवतात. आणि घाईत अस्तर तसंच कोरं लावलं. पहिल्या धुण्यात अस्तर आटलं, मलमल होती तेवढीच राहिली, आणि योकवर सगळीकडं बारीक फुगे आले, पापड तळल्यासारखे. लेक म्हणाली, "राहू दे, डिझाइन वाटतंय." तोच घालून ती महाराष्ट्र एक्सप्रेसनं नागपूरला गेली, रात्रभर त्यातच झोपली. चुरगळला म्हणे, पण घाम अंगाला चिकटला नाही.

आतापर्यंत सात-आठ धुणी झालीत. रंग जरा उतरलाय, पण छान उतरलाय. कापड पहिल्यापेक्षा मऊ झालंय. काखेत विरलेलं नाही.

दुकानाला पाचपैकी चार. एक कापला तो त्या फाडण्यासाठी. बदलून देत नाहीत, हेही आधीच सांगतात.

परवा पुन्हा जाऊन आले, यावेळी पिवळी घेतली. फुलांची ओळ बघेपर्यंत ताका उलगडायला लावला, पोरगा वैतागला. साडेतीन मीटर मोजून घेतलं. मलमल अजून पिशवीतच आहे, अस्तर दोरीवर वाळतंय.