बागेतलं वेदर स्टेशन, तीन हंगाम वापरल्यावर

वेदर स्टेशन बसवून आता तीन हंगाम झाले, त्यामुळे बरं-वाईट दोन्ही सांगता येईल एवढा अनुभव गाठीशी आहे. बाग द्राक्षाची. घेण्याचं कारण एवढंच की माझी वही चालेनाशी झाली. वर्षानुवर्षं लिहिलेलं असायचं, छाटणीनंतर इतक्या दिवसांनी ही फवारणी, इतक्या दिवसांनी एवढं पाणी, आणि ते बसायचंही. आता पाऊस भलत्याच वेळी येतो, मधेच चार दिवस असं ऊन की मणी भाजतात, लगेच परत ढगाळ, मग वहीतल्या दिवसांना धरून करायचं काय?

सेटमध्ये काय येतं तर एका खांबावर तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर, वारा मोजायचं यंत्र, पावसाचं मापक, पानावरचा ओलावा सांगणारी एक पट्टी आणि जमिनीत गाडायचे दोन सेन्सर. सोलरवर चालतं, आत सिमकार्ड, आकडे मोबाईलवर दिसतात.

सगळ्यात पैसे वसूल झाले ते त्या पट्टीमुळे. दिसायला काहीच नाही, पानासारखी चपटी, पाणी पडलं की कळवते आणि सुकली की कळवते, बास. पण डाऊनी या बुरशीच्या रोगाचं बीज पानावर पाणी असल्याशिवाय आत शिरूच शकत नाही, त्यामुळे पाऊस किती पडला यापेक्षा पान किती तास ओलं राहिलं हे जास्त महत्त्वाचं. मी सकाळी आठला बाहेरच्या ओळीतलं पान हातात घेऊन म्हणायचो की सुकलंय, आणि ग्राफ दाखवायचा की वेलीच्या आत साडेदहापर्यंत दव आहे! उलटंही व्हायचं. रात्री दोनला सर आली की पूर्वी पहाटेच फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरला जोडायचो, आता बघतो तर वारा होता, तासाभरात पान कोरडं, कशाला मारायची फवारणी? पहिल्याच हंगामात अशा चार फवारण्या सोडल्या, पहिल्या वेळी रात्रभर झोप नव्हती ते वेगळं. जुना ठोकताळा आहेच की वेलीचे नवे कोंब १० सेंटिमीटर, पाऊस १० मिलिमीटर आणि तापमान १० अंशांच्या वर, हे २४ तासांत जुळलं की डाऊनीची पहिली लागण धरायची. तो थंड भागातला आहे, गरम भागात तापमानाची अट रोजच पूर्ण होते, म्हणजे उरतो पाऊस आणि ओलावा.

एक मात्र लक्षात ठेवा, भुरीला, म्हणजे पांढऱ्या पावडरीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या बुरशीला, ही पट्टी काही कामाची नाही. भुरीला पानावर पाणी लागतच नाही, नुसती दमट हवा पुरते. ॲपवर हिरवा रंग बघून मी दुसऱ्या हंगामात निवांत बसलो आणि खालच्या कोपऱ्यात घडांवर पांढरं दिसायला लागलं तेव्हा जाग आली.

जमिनीच्या सेन्सरने तर पहिल्या वर्षी मला चांगलंच फसवलं. बसवणाऱ्या पोराने पहारीने भोक पाडलं, सेन्सर आत टाकला, वरून माती लोटली आणि गेला. सेन्सरच्या भोवती पोकळी राहिली होती, ती हवा सेन्सरला कोरडी जमीन वाटायची, ॲप रोज लाल व्हायचं आणि मी आपला रोज ड्रिप चालू करायचो. पानं पिवळी पडली तेव्हा खड्डा खणून बघितलं तर खाली चिखल, वाफसा कुठला आणि काय, पांढरी मुळी काळी पडलेली. नंतर स्वतः बसवले, त्याच भोकातली माती पाण्यात कालवून घट्टसर घोळ ओतला आणि त्यात सेन्सर दाबला. एक २० सेंटिमीटरवर, दुसरा ५० वर. खालच्याचा आकडा हलायला लागला की समजायचं पाणी मुळीच्या खाली चाललंय, ड्रिप बंद.

शिवाय ॲप ओलावा टक्क्यांत दाखवतं आणि तो टक्का दुसऱ्याचा उचलून चालत नाही. माझ्या भारी जमिनीत २८ टक्क्यांना वेल तहानलेली असते, वाळूत तेवढी ओल म्हणजे पाणी साचल्यात जमा. म्हणून शेजारी एक साधा टेन्शिओमीटर लावलाय, नळीत पाणी, खाली मातीचं सच्छिद्र टोक, वर काटा. मुळीला पाणी ओढायला किती जोर लावावा लागतो ते तो थेट सांगतो, त्याला चार्जिंग नको का सिमकार्ड नको. हा जोर सेंटीबारमध्ये मोजतात, साधारण ८० सेंटीबारच्या पुढे जमीन गेली तर आत हवा शिरून तो बंद पडतो, परत पाणी भरावं लागतं, पण बाग तिथपर्यंत जाऊच द्यायची नाही ना. खरं सांगू का, पाण्यासाठी आता मी आधी काटा बघतो आणि मग मोबाईल.

बाष्पीभवनाचा आकडा मात्र ॲपचाच वापरतो. समजा दिवसाचं ५ मिलिमीटर दाखवलं आणि वेलीच्या त्या अवस्थेचा गुणांक, म्हणजे त्यातला किती हिस्सा वेलीला लागतो तो, ०.७ असेल तर गरज झाली साडेतीन मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला साडेतीन लिटर. ३ बाय २ मीटरवर लावलेल्या वेलीला २१ लिटर. उन्हाची लाट आली की हाच आकडा दोन दिवसांत कसा चढतो ते बघून ड्रिपचा वेळ वाढवता येतो, पानं माना टाकेपर्यंत थांबायला लागत नाही.

पावसाच्या मापकाने एकदा रात्रभर पाऊस होऊन शून्य दाखवलं. आतलं शिंपलं ०.२ मिलिमीटर भरलं की कलंडतं आणि तेच मोजलं जातं, कोळ्याने जाळं विणून ते अडकवलं होतं. तेव्हापासून पंधरा दिवसांनी झाकण काढून फुंकर मारतो. खांबाची जागाही चुकली, सोयीचं म्हणून गेटजवळच्या उंचवट्यावर रोवला, पण थंड हवा रात्री खाली उतरून सखल भागात साचते, वर ३ अंश दिसत होते आणि खालच्या ओळीतले कोंब थंडीने काळे पडले. आता खांब खाली हलवलाय.

कंपनीचं नाव लिहीत नाही, पण दुसऱ्या वर्षी डेटाची वार्षिक फी भरायची असते हे घेताना कुणी सांगितलं नव्हतं. फी थकली तर मागच्या वर्षीचे स्वतःच्याच बागेचे आकडेही दिसत नाहीत, ते उतरवून घ्यायची सोयही ॲपमध्ये नाही. ॲपमधला 'आज फवारणी करा' वाला सल्ला तर बंदच करून टाकलाय. घेणार असाल तर फी आणि डेटा उतरवायची सोय या दोन गोष्टी आधी लेखी मागा. गारपीट आणि उन्हासाठी बागेवर जाळी टाकलेल्यांना तर पानाची पट्टी जास्तच लागेल, जाळीखाली हवा कमी खेळते आणि पान उशिरा सुकतं, शेजारच्या बागेत हेच बघतोय.

पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातले दोन एकट्या त्या पट्टीचे. पुढच्या छाटणीआधी खालच्या कोपऱ्यात अजून एक पट्टी आणि दुसरा टेन्शिओमीटर बसवणार आहे. वही पण परत काढलीये, आता तिच्यात दिवसांऐवजी पान ओलं राहिल्याचे तास लिहितो.