डिप्लोमा की बारावी? सोलापुरातून इंजिनिअरिंगला जाताना कुठले गुण मोजले जातात

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरी कुणी ना कुणी पेढे घेऊन येतं, आणि पेढ्यांमागोमाग ‘इंजिनिअरिंगला जायचं तर डिप्लोमा की बारावी?’ हा प्रश्न येतो. मी दहावीनंतर डिप्लोमा करून डिग्रीला गेलो, धाकटी बहीण अकरावी-बारावी करून, सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) देऊन गेली. विद्यापीठ दोघांचं एकच. माझ्या प्रमाणपत्रावर नुसतं ‘सोलापूर विद्यापीठ’ आहे, तिच्या प्रमाणपत्रावर अहिल्यादेवींचं नाव आहे, कारण 2019 मध्ये नामविस्तार झाला. बाकी फरक नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. ‘डिप्लोमानं एक वर्ष वाचतं’ असं एक काका सांगतात, ‘डिप्लोमानं एक वर्ष वाया जातं’ असं दुसरे. दोघांचंही गणित कच्चं. डिप्लोमा तीन वर्षं, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश म्हणजे आणखी तीन. अकरावी-बारावी दोन, डिग्री चार. दोन्हीकडे सहाच.

फरक पडतो तो गुण कुठे आणि किती वेळा मोजले जातात यात.

डिप्लोम्याला दहावीत 35 टक्के असले की अर्ज करता येतो आणि प्रवेश परीक्षा नाही. यादी लागते ती दहावीच्या टक्क्यांवर. अर्थात 35 ही नुसती पात्रता झाली. शासकीय तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर मागायला गेलात तर गर्दी नव्वदीच्या आसपासच्या पोरांची असते. पण ज्याच्या हातात दहावीचे चांगले गुण आहेत, त्याला ते लगेच वापरता येतात. अकरावीला गेलं की ते गुण अकरावीच्या प्रवेशापुरते. त्यानंतर इंजिनिअरिंगसाठी ते जवळजवळ विसरायचे.

मग सहा सेमिस्टर. तंत्रशिक्षण मंडळाची परीक्षा, मॅन्युअल, सबमिशन, ओरल. मला दुसऱ्या सेमिस्टरला गणितात केटी लागली होती, म्हणजे विषय राहिला होता. पुढच्या परीक्षेत सुटली, पण त्या वर्षी सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा मी लांबूनच पाहिली. शेवटी डिप्लोमा 45 टक्क्यांनी (राखीव प्रवर्गाला 40) पूर्ण झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. इथेही सीईटी नाही, डिप्लोम्याचे टक्के हीच मेरिट.

इथवर ऐकून पालक खूश होतात, म्हणून पुढचं मी मुद्दाम हळू सांगतो. थेट दुसऱ्या वर्षाला जागा किती? मंजूर जागांच्या दहा टक्के वाढीव, अधिक पहिल्या वर्षात रिकाम्या राहिलेल्या. म्हणजे साठच्या तुकडीत हक्काच्या सहा. ज्या शाखेत पहिल्याच वर्षी सगळ्या जागा भरतात तिथे या सहांवरच मारामारी, आणि हल्ली ती शाखा बहुतेक कॉम्प्युटर असते. सिव्हिल-मेकॅनिकलला जागा रिकाम्या राहिल्या तर डिप्लोमावाल्यांना त्या मिळतात. डिप्लोमा एका शाखेत करून डिग्री दुसऱ्या शाखेत करता येते, हा नियम आता मोकळा आहे; पण नियम मोकळा असला म्हणून जागा मोकळी असतेच असं नाही. कॉम्प्युटरच हवं असेल आणि डिप्लोम्यात पंच्याहत्तरीवर समाधान मानायची सवय असेल, तर ही वाट वाटते तितकी सोपी नाही.

आता बारावी. इथे दोन आकडे आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. पहिला बारावीचा: फिजिक्स, गणित आणि केमिस्ट्री (किंवा त्याऐवजी चालणारा एखादा विषय) मिळून 45 टक्के, म्हणजे 300 पैकी 135, राखीव प्रवर्गाला 120. दुसरा सीईटीचा पर्सेंटाइल. यादी लागते ती पर्सेंटाइलवर. बारावीला 135 पडले काय नि 270 पडले काय, मेरिटमध्ये सहसा फरक पडत नाही, सारखा पर्सेंटाइल आला तरच बारावीचे गुण बघितले जातात. उलट 134 पडले तर पर्सेंटाइल 97 असला तरी दार बंद. क्लासच्या नादात बारावीचा अभ्यास सोडून देणाऱ्यांना हे निकालादिवशी कळतं.

पर्सेंटाइलचं म्हणाल, तर आमच्या शेजारच्या काकू मोबाईल पुढे धरून म्हणाल्या, “अहो दादा, पोरीला 81 पडलेत, फर्स्टक्लास विथ डिस्टिंक्शन ना हे?” मला काय बोलावं सुचेना. 81 पर्सेंटाइल म्हणजे तिच्या सत्रात बसलेल्या शंभरातली 81 मुलं तिच्या बरोबरीची किंवा तिच्या मागे, आणि 19 पुढे. महाराष्ट्रभरातून लाखो मुलं बसतात, तेव्हा त्या 19 चा अर्थ काय होतो ते ज्यानं त्यानं काढावं.

पेपर 200 गुणांचा. गणित एकट्याचे 100: पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, दीड तास. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून शंभर प्रश्न, शंभर गुण, तेवढाच वेळ. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण 20 टक्के अकरावीचं, 80 टक्के बारावीचं. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक बारीक गोष्ट: फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीत घेता येतो, गणिताचा फक्त इंग्रजीत. बहिणीनं 2019 च्या मे महिन्यात, सोलापूरच्या त्या उन्हात, हा पेपर दिला. बारावीला 61 टक्के, सीईटीला 94. तिचा स्वभावच तसा: वर्षभर निवांत, शेवटचे तीन महिने पिसाटल्यासारखी. डिप्लोम्यात तिचं सबमिशनच वेळेवर झालं नसतं. आणि मला तीन तासांत सगळं दाखव म्हटलं असतं, तर मी आज एमआयडीसीत दुसऱ्याच कसल्या कामाला असतो.

माझं मत विचाराल, तर ज्याचं गणित पक्कं आहे आणि ज्याला आपल्याला नक्की काय हवंय ते अजून माहीत नाही, त्यानं बारावी करावी. सीईटी बिनसली तरी फार्मसीचा डिप्लोमा (डी. फार्म) आहे, संगमेश्वर, दयानंद, वालचंदला बीएस्सी आहे, जिथे बारावीच्या निकालावर प्रवेश होतो. (गणित असलेल्या बीएस्सीवाल्यालाही नंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, फक्त डिप्लोमावाल्यांनंतर उरलेल्या जागांवर.) ज्याला हातानं काम करायला आवडतं, घरी लवकर पगार यायला हवा, त्यानं डिप्लोमा. कनिष्ठ अभियंत्याच्या सरकारी भरतीला स्थापत्य डिप्लोमा चालतो; नुसती बारावी सायन्स तिथे काही कामाची नाही. मात्र डिप्लोम्यातून आलेल्यांना डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाचं गणित झोडपून काढतं, कारण पहिल्या वर्षाचं गणित आपण शिकलेलोच नसतो. मी तिसऱ्या बाकावरून बारावीवाल्यांच्या वह्या उतरवायचो.

दाखल्यांचं दोन्हीकडे सारखंच: जातपडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, ईडब्ल्यूएस जे लागू असेल ते, निकालाआधी काढून ठेवा. जूनमध्ये सेतूत रांग लावण्यात अर्थ नाही. मुलीचं बघत असाल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे.

कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरताना मात्र घाई नको. 2025 पासून बारावीनंतरच्या इंजिनिअरिंग प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा आपोआप पक्की होते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी. पुढच्या फेरीत बघू, ही सोय संपली. आणि यादीत ‘वालचंद’ दिसलं की पुढचं गाव वाचा. वालचंद हिराचंद जन्मले सोलापुरात, पण त्यांच्या नावाचं एक इंजिनिअरिंग कॉलेज सांगलीत आहे आणि दुसरं आपल्याकडे, आणि दोन्हींचे कटऑफ वेगळे. माझ्या एका मित्राचा मुलगा वरच्या ओळीत ‘सांगली’ टाकून बसला होता आणि घरात सगळे समजत होते की पोरगं सायकलवर कॉलेजला जाणार.