सातपुड्यातील चराई आणि उगवते जंगल: खुले रान, कायमची बंदी की आळीपाळी?

सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेत जंगलाचा आराखडा करायला बसले की पहिला वाद बहुधा चराईवरूनच पेटतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क मान्य केला आहे, आणि जंगल राखण्याचा व त्याचे पुनरुज्जीवन करण्याचा अधिकारही त्याच कायद्याने दिला आहे. त्यामुळे रान गुरांना खुले ठेवायचे, कायमचे बंद करायचे की आळीपाळीने बंद करायचे, हे धडगाव-अक्कलकुव्यापासून चोपडा-यावलपर्यंतच्या अशा गावांना स्वतःच ठरवावे लागते. येथे हे तिन्ही मार्ग एकाच कसोटीवर पाहिले आहेत: नवे झाड शेळीच्या तोंडाच्या वर जाते की नाही.

कसोटी अशी धरण्याचे कारण असे की, बी पडणे आणि रुजणे यांवर सहसा फारसे अडत नाही. अंजन या झाडाचे हलके, पंखासारखे बी वाऱ्याने पसरते आणि पहिल्या पावसात उगवते. मात्र भरपूर बी धरण्याचे वर्ष काही वर्षांतून एकदाच येते, म्हणून त्या वर्षीची रोपे गेली तर पुढची संधी लांबते. पावसाळ्यात गुरांच्या खुरांखाली ओली माती दबते, पाणी कमी मुरते आणि कोवळी रोपे चिरडली जातात. त्यातून वाचलेल्या रोपांवर उन्हाळ्यात, गवत संपल्यावर, शेळ्या येतात; मागच्या पायांवर उभी राहिलेली शेळी दीड मीटरच्या वरचा पालाही सहज ओढते.

खुल्या चराईत हा क्रम दरवर्षी चालतो आणि त्याचा परिणाम सर्व झाडांवर सारखा होत नाही. सागाच्या खरखरीत पानांना आणि पळसाला जनावरे फारसे तोंड लावत नाहीत, घाणेरी आणि टाकळ्याला तर नाहीच. अंजनाचा पाला मात्र उत्तम चारा आहे आणि खैर-बोरीचे कोवळे शेंडेही शेळीला प्रिय असतात. परिणामी रान दुरून हिरवे दिसत राहते, पण जुने अंजन मेल्यावर त्याची जागा घेणारा मधल्या वयाचा अंजन तेथे सापडत नाही. खुल्या चराईच्या बाजूने दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. गवत खाल्ले गेल्याने वणव्याला इंधन कमी मिळते, आणि शेंगा खाल्लेल्या शेळ्यांच्या लेंडीतून बाभळीचे बी पसरते व लवकर रुजते. पण केवळ बाभळीसाठी डोंगर खुला ठेवावा, हे काही पटत नाही.

कायमच्या बंदीचा निकाल काय लागेल, हे डोंगरात वाकून पाहिल्यास बरेचसे कळते. गुडघ्याएवढे, सतत खुडले जाऊन गोळ्यासारखे झालेले अंजनाचे झुडूप दिसले तर जमिनीलगतचे खोड पाहावे. ते अंगठ्याएवढे जाड असेल आणि त्यावर खुडलेल्या शेंड्यांच्या गाठी असतील, तर ते अनेक पावसाळे पाहिलेले झाड आहे. त्याचे मूळ खोल गेले आहे आणि चराई थांबताच ते फुटवे घेऊन झपाट्याने वर जाऊ शकते. अशी झुडपे जेथे जागोजाग आहेत, तेथे बंदीचे फळ लवकर दिसते. ती नसतील आणि जवळपास बी देणारे जुने झाडही नसेल, तर नुसत्या बंदीने गवतच वाढेल.

गवताचा हा प्रश्न साधा नाही. बंद रानात ते कमरेपर्यंत वाढते, दिवाळीनंतर वाळते आणि होळीच्या सुमारास, मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळला जातो तेव्हा, एक ठिणगी काही वर्षांची राखण एका दुपारी संपवते. शिवाय हाकललेली गुरे शेजारच्या पाड्याच्या रानात जातात, आणि काठेवाडी व ठेलारी पशुपालकांचे कळप एका गावाच्या ठरावाने वाट बदलत नाहीत. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने मोकाट चराई आणि झाडतोड यांवर स्वतः निर्बंध घालून ४०० हेक्टरांहून अधिक जंगल उभे केले, आणि त्या कामात पुढाकार घेणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र तेथील राखण १९९० च्या दशकापासून अखंड चालली आहे. तेवढी तयारी नसताना केवळ नियमांची नक्कल करण्यात अर्थ नाही.

म्हणून बहुतेक गावांसाठी मी आळीपाळीच्या बाजूने आहे, पण तिचा हिशेब नीट मांडला पाहिजे. रानाचे पाच भाग करून एक बंद केला, तर उरलेल्या चार भागांवरचा भार सव्वापट होतो. तो हलका करायचा असेल, तर बंद भागातील गवत विळ्याने कापून गोठ्यात आणावे लागते. कापणीपूर्वी रोपांजवळ खुणेच्या काठ्या रोवाव्यात, नाहीतर शेळीने सोडलेले रोप विळा नेतो. भाग उघडण्याची वेळ वर्षे मोजून ठरवू नये. बहुतेक रोपे दोन मीटरच्या वर गेल्यावरच तो उघडावा, आणि अंजनाच्या कोरड्या उतारावर पाच-सात वर्षांपेक्षा कमी मुदत गृहीत धरू नये. फक्त पावसाळ्यापुरती बंदी गाई-बैलांच्या बाबतीत बरीच उपयोगी पडते. शेळ्यांच्या बाबतीत ती अपुरी आहे, कारण त्यांचे खरे नुकसान उन्हाळ्यातले.

आणि शेळ्या बहुधा भूमिहीन कुटुंबांच्या असतात. कापलेल्या गवताने गाई-म्हशीवाल्यांची सोय होते; शेळीला पाला लागतो, आणि तो दिला नाही तर बंदी रात्री मोडली जाते. त्यामुळे पहिला भाग बंद करण्याच्या किमान एक पावसाळा आधी गावठाणाजवळच्या पडीक जागेत आणि संमती मिळेल त्या बांधांवर शेवरी, सुबाभूळ ही पाल्याची झाडे लावावीत, आणि त्यांचा पाला तोडण्याचा हक्क या कुटुंबांच्या नावाने ठरावात लिहावा. दंडाचे कलम त्यानंतर.